हाताला आणि नाकाला आवडणारी बाग : बेळगाव परिसरातील नवशिक्यांसाठी

शहापूरच्या आमच्या जुन्या घरात माझी थोरली आत्या राहते. ऐन उमेदीची वर्षे तिने हातमागावर लुगडी विणण्यात घालवली. पुढे काचबिंदूने तिची नजर हळूहळू गेली, आणि घरामागच्या परड्यात आम्ही हौसेने लावलेली जास्वंद, बोगनवेल, क्रोटन ही सारी रंगाची झाडे तिच्या लेखी असून नसल्यासारखी झाली. तिच्यासाठी म्हणून मी ते परडे नव्याने लावायला घेतले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की आजवर प्रत्येक झाड मी केवळ डोळ्यांनी पसंत केले होते. ज्यांनी तुळशीपलीकडे फारसे काही लावलेले नाही, पण हाताला बरी वाटणारी आणि वासाने मन सुखावणारी चार-सहा झाडे दारात असावीत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी त्या खटपटीतून हाती आलेली माहिती येथे क्रमाने दिली आहे.

कामाला लागण्यापूर्वी एक भेद समजून घ्यावा, कारण पुढची बहुतेक निवड त्यावरच अवलंबून आहे. काही झाडे आपला वास आपणहून हवेत सोडतात. ही मुख्यतः फुलझाडे असून त्यांची वेळ ठरलेली असते. दुसरी झाडे हात लागल्याशिवाय वास देत नाहीत. तुळस, पुदिना, मरवा, पानओवा यांच्या पानांवर तेलाच्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात. बोट फिरले की त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. कढीपत्ता आणि लिंबू यांच्यात हे तेल पानाच्या आत असते, म्हणून ती पाने नुसती कुरवाळून भागत नाही, थोडी चुरडावी लागतात. लिंबाचे पान उन्हाकडे धरल्यास तेलाचे ते ठिपके पारदर्शक दिसतात. पहिल्या प्रकारची झाडे वाऱ्याच्या वाटेवर लावावीत आणि दुसऱ्या प्रकारची हाताच्या वाटेवर.

पहिली पायरी : आपली माती आणि आपला पाऊस

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथे वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे गेले की तो त्याच्या कितीतरी पट होतो, तर पूर्वेला अथणी-रायबागकडे ५०० ते ६०० मिलिमीटरांवर समाधान मानावे लागते. एकाच जिल्ह्यात इतका फरक असल्यामुळे अमक्याच्या दारात बहरलेले झाड आपल्याही दारात बहरेल, असे गृहीत धरता येत नाही. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती आहे. निपाणी, चिकोडी, अथणी या बाजूला काळी, पाणी धरून ठेवणारी आणि पुष्कळ ठिकाणी चुनखडीची माती आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अनंत. त्याचे फूल दाट मलईसारखे, पान मेणकापडासारखे गुळगुळीत आणि वास असा की एक फूल वाटीभर पाण्यात ठेवले तरी खोली भरून जाते. तांबड्या मातीत हे झाड फारशी कुरकुर न करता वाढते. काळ्या चुनखडीच्या जमिनीत मात्र त्याला मातीतील लोह घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि कळ्या न उमलताच गळतात. निपाणीकडच्या वाचकांनी अनंत लावायचाच असेल तर तो मोठ्या कुंडीत, बाहेरून आणलेल्या तांबड्या मातीत लावावा, जमिनीत लावू नये.

परदेशी पुस्तकांतून उचललेल्या याद्यांमध्ये स्पर्शसुखासाठी लॅम्ब्ज इअर आणि सुगंधासाठी लव्हेंडर ही दोन नावे हमखास असतात. दोन्ही कोरड्या हवेची झाडे आहेत. जुलैत पंधरा-पंधरा दिवस ऊन न दिसणाऱ्या आपल्या हवेत त्यांची मुळे कुजतात. मी लव्हेंडरची तीन रोपे आणली होती, त्यांतील एकानेही गणपती पाहिले नाहीत. रोझमेरी जरा सोशीक आहे. निचऱ्याच्या कुंडीत लावून पावसाळ्यात पागोळीच्या आत ओढून ठेवली तर ती टिकते. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत ती अधिक चांगली येते, हे त्या भागाचे भाग्य.

दुसरी पायरी : वाट, उंची आणि वारा

रोपे आणण्याआधी घरातली माणसे कोठून कोठे चालतात हे दोन दिवस पाहावे. न्हाणीघराकडे जाणारी वाट, कपडे वाळत घालण्याची दोरी, संध्याकाळी बसण्याचा कट्टा, खिडकीखालची जागा, या ठिकाणी हात आपोआप पोहोचतो. स्पर्शाची झाडे तेथेच हवीत, कारण मुद्दाम वाकून स्पर्श करायला रोज कोणी जात नाही.

वाट एका माणसासाठी किमान तीन फूट आणि दोघांनी हात धरून चालायचे असल्यास चार फूट रुंद ठेवावी. वाफा एकाच बाजूने हाताळायचा असेल तर त्याची खोली दोन फुटांहून अधिक नसावी. त्यापुढच्या झाडापर्यंत हात पोहोचत नाही. वयस्कर माणसांसाठी दोन ते अडीच फूट उंचीचा बांधीव वाफा सोयीचा पडतो आणि आपल्याकडे त्यासाठी जांभ्या दगडाचे चिरे सहज मिळतात. चिऱ्याची कड हाताला खरचटते, म्हणून वरच्या थरावर सिमेंटचा गुळगुळीत हात फिरवून घ्यावा. वाटेवर गुळगुळीत फरशी मात्र घालू नये. पहिल्या महिनाभराच्या पावसात तिच्यावर शेवाळ धरते, आणि नजर अधू असलेल्या माणसाला ती पायाखाली आल्याशिवाय कळत नाही. खरबरीत दगड किंवा दाबून बसवलेली खडी बरी.

वाऱ्याचा विचार थोडक्यात असा : पावसाळ्याच्या महिन्यांत आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, थंडीत तो बहुतेक पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे सोनटक्क्यासारखी पावसाळ्यात फुलणारी झाडे बसण्याच्या जागेच्या पश्चिमेला असावीत. चारी बाजूंनी वारा खेळत असलेल्या मोकळ्या गच्चीवर सुगंध टिकत नाही. भिंतीचा कोपरा, जिन्याखालची मोकळी जागा, दोन बाजूंनी बंदिस्त असलेले अंगण येथे तो साचून राहतो.

आणखी एक सूचना, जी झाडांची नाही पण याच विषयातली आहे. सगळे अंगण फरशीने बुजवू नये, दोन-तीन फूट माती उघडी ठेवावी. वळवाच्या पहिल्या सरीनंतर येणाऱ्या वासाचा मोठा वाटा जमिनीतील सूक्ष्मजीव तयार करतात त्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि फरशीला तो वास येत नाही.

तिसरी पायरी : रोपवाटिकेत डोळे मिटून

रोप आणायला जाताना शक्यतो सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावे. भर दुपारी पाने मलूल असतात आणि संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांचा वास तेव्हा कळत नाही. पान तोडू नये. दोन बोटांत धरून हलकेच चोळावे आणि मग बोटे नाकाशी न्यावीत. एका खेपेला पाच-सहा वासांहून अधिक वास घेऊ नयेत. नाक थकते, आणि सातवे झाड चांगले की वाईट हे सांगण्याच्या स्थितीत ते राहत नाही. मध्ये आपल्याच बाहीचा किंवा पदराचा वास घेतल्यास नाक पुन्हा ताळ्यावर येते.

स्पर्शाची परीक्षा तीनदा घ्यावी. पहिल्यांदा बोटाचे टोक, दुसऱ्यांदा तळहात आणि तिसऱ्यांदा पान उलटे करून खालची बाजू. पुष्कळ पानांची खरी मजा खालच्या बाजूला असते, आणि बारीक काटेही तेथेच लपलेले असतात. खोडही हातात घेऊन पाहावे. तुळस, पुदिना, मरवा, सब्जा ही सगळी एकाच कुळातली असून त्यांचे कोवळे खोड गोल नसते, चौकोनी असते. दोन बोटांत फिरवले की चारही कडा जाणवतात. आत्याला ही खूण सांगितल्यापासून ती अनोळखी रोप हाती आले की आधी खोड चाचपते आणि मग म्हणते, "चौकोनी आहे की गं, म्हणजे वासाचंच असणार."

सुगंधी फुलझाड घ्यायचे असल्यास ते फुलावर किंवा निदान कळीवर असतानाच घ्यावे. मी एकदा भर पावसात मोगरा म्हणून दोन रोपे घेतली. वर्षभर सांभाळल्यावर त्यांना बिनवासाची पांढरी तगर आली. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, मीच फूल न पाहता घेतले होते. गुलाबाच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यावी. लांब दांड्याचे, टपोरे कलमी गुलाब बहुधा रूपासाठी आणि टिकाऊपणासाठी निपजवलेले असतात आणि त्या ओघात पुष्कळांचा वास हरवला आहे. गुलकंदासाठी वापरतात तो गावठी गुलाबी गुलाब दिसायला विस्कटलेला असला तरी वासाने त्याच्या जवळ दुसरा कोणी येत नाही.

आपल्या भागातील बऱ्याच रोपवाटिकांत काम करणारी माणसे कन्नड बोलतात, आणि मराठी नाव सांगून गोंधळ होण्याचे प्रसंग येतात. म्हणून ही नावे लक्षात ठेवावीत : मोगऱ्याला मल्लिगे, सोनचाफ्याला संपिगे, निशिगंधाला सुगंधराज, बकुळीला रंजल, मरव्याला मरुग, दवण्याला दवन, पानओव्याला दोड्डपत्रे, वाळ्याला लावंच, गवती चहाला मज्जिगे हुल्लु, कढीपत्त्याला करिबेवु. अबोलीला कनकांबर म्हणतात. पण अबोलीला वास नाही. आपल्याकडच्या गजऱ्यांत ती मोगऱ्याशेजारी असते म्हणून ती सुगंधी असल्याचा अनेकांचा समज होतो.

चौथी पायरी : हाताची झाडे

नवशिक्याने पहिले झाड पानओव्याचे आणावे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे पान जाड, फुगीर, काठाला दातेरी आणि दोन्ही बाजूंनी बारीक मऊ लव असलेले असते. अंगठ्याने दाबले की ते किंचित दबते, आत पाणी असल्याचे कळते आणि त्याच क्षणी ओव्याचा उग्र, गरम वास बोटांना लागतो, तो पुढे तासभर जात नाही. आत्याने पहिल्यांदा ते हातात घेतले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "हे मखमल आहे, पण ओलं मखमल." वितभर फांदी मातीत खोचली की दोन आठवड्यांत मूळ धरते. त्याची भजीही चांगली होतात. एकच पथ्य आहे : पाणी बेताने द्यावे, कारण हे झाड तहानेपेक्षा अधिक पाण्यानेच दगावते.

मखमलीच्या नेमके उलट पान पारिजातकाचे असते. फुलाचे कौतुक सगळेच करतात, पण त्याचे पान पॉलिश पेपरसारखे खरखरीत असते याकडे कोणाचे लक्ष जात नाही. "हे पान नव्हे, गोणपाट की गं," असे आत्या म्हणाली, आणि तरीही ते तिला आवडते, कारण शेजारच्या अनंताच्या गुळगुळीत पानानंतर ते हाताला चटकन वेगळे कळते. बागेत नुसती मऊ पाने भरली तर काही दिवसांनी हाताला काहीच जाणवेनासे होते. मऊनंतर खरखरीत, जाडनंतर पातळ, थंडनंतर कोरडे अशी पाने शेजारी-शेजारी यावीत.

कोंबडा हे हंगामी फूल या दृष्टीने उपयोगी आहे. त्याचा तुरा रेशमी गोंड्यासारखा दाट असतो, पुन्हा पुन्हा हात फिरवला तरी लवकर खराब होत नाही आणि मुलांच्या हाती द्यायला निर्धोक आहे. हळदीचे पानही लावावे. अक्षय तृतीयेच्या सुमारास कंद पुरला की नागपंचमीला पातोळ्यांपुरती पाने हाताशी येतात. लांब, थंड, रेघारेघांचे ते पान फाडल्यावर जो वास येतो त्याला दुसरी उपमा नाही. खानापूरकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण चिकोडी-अथणीकडच्यांनी सावलीतल्या कुंडीत करून पाहावे.

मरवा आणि दवणा ही जोडी फुलवाल्यांच्या वेण्यांमुळे सर्वांच्या परिचयाची आहे. मरव्याचे पान बारीक, गोलसर आणि मऊ असून तो कुंडीत दीर्घकाळ राहतो. फक्त शेंडे खुडत राहावे लागते. दवण्याचे पान राखाडी, कातरलेले आणि हाताला पिसासारखे हलके असते. तो वर्षायू असून त्याचे बी अतिशय बारीक असते, म्हणून ते मातीत पुरू नये, वर भुरभुरून झारीने हलके पाणी द्यावे. थंडीच्या सुरुवातीला पेरला की तीन-साडेतीन महिन्यांत तो वासाला येतो. थोडा उशिरा, डिसेंबरात पेरला तर चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्यांना घरचा दवणा नेता येतो.

लाजाळू लहान मुलांसाठी अवश्य ठेवावी, पण कुंडीतच, कारण जमिनीत ती पसरून तण होते आणि तिच्या खोडावर काटे असतात. देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींतून पाणी निघून गेल्यामुळे तिची पाने मिटतात आणि काही मिनिटांनी पुन्हा उघडतात. कन्नडमध्ये तिला ‘मुट्टिदरे मुनि’, म्हणजे शिवले की रुसणारी, असे म्हणतात. मराठीत ती लाजते आणि कन्नडमध्ये रुसते, ही गंमत आपल्या सीमाभागातल्या मुलांना दोन्हीकडून कळते.

गवती चहाचा वास उत्तम असला तरी त्याच्या पात्याची धार बोट कापते. तो वाटेपासून हातभर आत लावावा आणि पान मुळाकडून टोकाकडेच ओढावे. वाळ्याच्या पानाला वास नसतो, तो मुळांना असतो. सांडपाणी निघते तेथे एक बेट लावून ठेवावे आणि दीड-दोन वर्षांनी खणून मुळे काढावीत. ती धुऊन माठात टाकली की उन्हाळाभर पाण्याला वास येतो. पायांसाठी थोडी हरळी राखली तर तिच्यावर सकाळी अनवाणी चालता येते.

पाचवी पायरी : वेळेनुसार सुगंध

फुलांची निवड करताना ‘कोणते आवडते’ हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा की घरातले माणूस बागेत कोणत्या वेळी असते. रात्री दहाला दरवळणारे झाड नऊला झोपणाऱ्या माणसाच्या उपयोगाचे नाही.

पहाटे उठणाऱ्यांसाठी पारिजातक आणि बकुळ. पारिजातकाची फुले रात्री उमलतात आणि उजाडता उजाडता खाली पडतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत त्यांचा बहर असतो. झाडाखाली जुने स्वच्छ लुगडे अंथरून ठेवल्यास फुले मातीत पडत नाहीत आणि ज्याला दिसत नाही त्यालाही ती हाताने गोळा करता येतात. बकुळ फार सावकाश वाढते, तिच्यासाठी मोठी जागा आणि मोठा धीर हवा. पण तिचे फूल वाळल्यावरही वास धरून राहते. सोनचाफाही सकाळचाच. कलमी रोप घेतल्यास तो दोन-तीन वर्षांत फुलू लागतो, बियांपासूनचे झाड मात्र पुष्कळ वाट पाहायला लावते. पाणी साचणारी जमीन त्याला अजिबात चालत नाही.

दुपारचा मानकरी हिरवा चाफा आहे. त्याचे फूल पानाच्याच रंगाचे असते, त्यामुळे डोळस माणसालाही ते शोधून सापडत नाही. ते पिकून पिवळसर होऊ लागले की पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो आणि मग नाकाच्या मागे जात जात फूल शोधावे लागते. आमच्या घरात ही शर्यत आत्या नेहमी जिंकते. हे वेलीसारखे वाढणारे झुडूप असून त्याला आकड्यासारखे देठ आणि काटे असतात, म्हणून ते कुंपणाशी चढवावे.

संध्याकाळसाठी मोगरा, जुई, निशिगंध आणि पावसाळ्यात सोनटक्का. संध्याकाळी व रात्री उमलणारी फुले बहुधा पांढरी आणि तीव्र वासाची असतात, कारण अंधारात फिरणाऱ्या पतंगांना त्यांच्यापर्यंत पोहोचायचे असते. मोगऱ्याला दिवसाचे किमान पाच-सहा तास कडक ऊन हवे; सावलीत तो पानांनी डवरतो आणि फुलत नाही. जानेवारीच्या सुमारास त्याचे पाणी तोडावे, फांद्या निम्म्याने छाटाव्यात, शेणखत द्यावे आणि मग पाणी सुरू करावे, म्हणजे उन्हाळ्यात बहर येतो. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत. सोनटक्क्याला अर्धी सावली आणि सतत ओल लागते. खानापूर-बेळगावात तो कोपऱ्यात टाकून दिला तरी येतो, अथणीत मात्र त्याच्यासाठी रोज पाण्याची तजवीज असावी.

रातराणीबद्दल मी जरा हात राखून लिहीत आहे. तिचा वास रात्री आठनंतर एवढा दाटतो की जवळून तो सोसवत नाही. मी ती हौसेने आत्याच्या खिडकीखाली लावली आणि आठवड्यात तिचे डोके दुखू लागले. शेवटी झाड मुळापासून काढून फाटकापाशी नेऊन लावले. दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या घरात उग्र वासाचे झाड झोपण्याच्या खोलीपासून किमान वीस-पंचवीस फूट दूर असावे. रातराणीच्या वासाने साप येतात, ही समजूत खरी नाही. साप येतात ते उंदीर-बेडकांसाठी आणि बुडाशी वाढलेल्या गचपणामुळे, म्हणून झुडपाचे बूड साफ ठेवावे, एवढे पुरे.

सहावी पायरी : कशाला हात लावू नये

स्पर्शाच्या बागेत माणूस बेसावध असतो आणि लहान मूल पान तोंडात घालते. म्हणून कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही दोन्ही विषारी झाडे दिसायला सोपी आणि काटक असली तरी येथे नकोत. शेराचा आणि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. पांढऱ्या चाफ्याचाही चीक काहींच्या कातडीला झोंबतो, त्यामुळे त्याची फांदी हाताशी नसावी, फुले खाली पडलेली वेचावीत. धोत्रा आणि त्याच्या जातीची लोंबत्या फुलांची झाडे रात्री गोड वास देतात, पण ती सर्वांगी विषारी आहेत. रातराणीची फळेही खाण्यासारखी नाहीत. शोभेच्या डायफेनबेकियाच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते तोंडात गेले तर जीभ सुजते. गाजर गवत दिसताक्षणी, फुलण्यापूर्वी आणि हातमोजे घालूनच उपटावे. त्याने अंगावर पुरळ येते.

पान हाताळायचे म्हणजे त्यावर विषारी फवारणी नको, हेही ओघानेच आले. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. कडुनिंबाचा वास दोन दिवस बाकी सगळे वास झाकून टाकतो, तेवढे सहन करावे.

सातवी पायरी : लागवड आणि पहिले वर्ष

जमिनीत लावायची झाडे पहिला चांगला पाऊस होऊन गेल्यावर जूनमध्ये लावावीत. खानापूरच्या मुसळधार पट्ट्यात मात्र रोपे वाहून जाण्यापेक्षा मेच्या वळवानंतर लावून त्यांना मूळ धरू द्यावे किंवा सरळ सप्टेंबरची वाट पाहावी. कुंडीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताचे तूस हे मिश्रण आपल्याकडे स्वस्तात होते, कारण तूस गिरणीत सहज मिळते. काळी माती कुंडीत वापरू नये. ती सुकल्यावर भेगाळते आणि भिजल्यावर निचरा होऊ देत नाही. मोगरा, अनंत यांना किमान बारा इंची कुंडी हवी, मरवा-पुदिन्याला आठ इंची पुरते. पुदिना दुसऱ्या कोणाबरोबर लावू नये, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त प्रकार आणू नयेत. बेळगाव शहरातल्या साध्या घरासाठी मी पानओवा, मरवा, तुळस, मोगरा, अनंत आणि जागा असल्यास पारिजातक सुचवीन. पूर्वेकडच्या कोरड्या भागासाठी अनंताऐवजी निशिगंध आणि सोबत रोझमेरी. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर पाने मोठी आणि वासाची राहतात. हाताळल्या जाणाऱ्या झाडांना थोडी मोडतोड होतेच, म्हणून प्रत्येकाची एक जादा कुंडी मागे तयार ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी आलटून पालटून पुढे आणावी. रोपांविषयी अधिक विचारायचे असल्यास अरभावी येथील किट्टूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे.

घरात दृष्टिहीन माणूस असल्यास कुंड्यांना खूण करावी. ब्रेल सर्वांना येत नाही, पण सुतळीच्या गाठी सर्वांना कळतात. आमच्याकडे कुंडीच्या काठाखाली सुतळी बांधलेली असून एक गाठ मरव्याची, दोन पानओव्याच्या, तीन मोगऱ्याच्या असा हिशेब आहे. गाठी आत्यानेच मारल्या, मागावरचा तुटलेला धागा सांधताना मारत असे तशाच बारीक आणि घट्ट. जादा कुंडी पुढे आणताना सुतळी जुन्या कुंडीवरून काढून नव्या कुंडीला बांधावी आणि कुंडी नेमकी त्याच जागी ठेवावी. गेल्या उन्हाळ्यात मी मोगरा उन्हासाठी म्हणून हातभर डावीकडे सरकवला आणि सांगायला विसरले. संध्याकाळी आत्याचा हात नेहमीच्या जागी गेला, तेथे काही नव्हते. ती तशीच उभी राहिली, मान थोडी वळवून वास घेतला, हात डावीकडे नेला आणि म्हणाली, "सरकवलास होय? सांगायचं तरी."